काळे तीळ लावलेला मांडा

चिनू आणि मनू,

गेल्या रविवारी फोनवर चिनू म्हणाला, "आजी, शाळेत रेडशिफ्ट चालू आहे. विश्व फुगतंय ना, त्याचा पुरावा. पण तुला समजावायला खूप वेळ लागेल, राहू दे." मी राहू दिलं. फोन ठेवल्यावर मात्र पुसलेलीच भांडी पुन्हा पुसली. बाळा, तुझी आई दोन वेण्या घालून शाळेत जात होती तेव्हा मी ते धुळ्याला, देवपुरात शिकले. इंग्रजीची प्राध्यापिका असून शिकले. तुमच्या शाळेत ते फळ्यावर काढून दाखवत असतील. मी ते गरम गरम, वर तूप घालून खाल्लेलं आहे.

फोनवर सांगत नाही, कारण मध्येच आवाज तुटतो, आणि ही हकीकत अर्धी ऐकली तर आजीचं काहीतरी बिघडलं असं वाटेल. म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा.

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर होते. आम्ही तळमजल्यावर राहत होतो, ते वरच्या मजल्यावर. उंच, बारीक, शर्टाच्या खिशात चार खडू आणि एक चमचा. चमचा कशासाठी, हे मी इतक्या वर्षांत विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं.

सरांच्या डोक्यात एकच विषय होता. आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची मोठमोठी गावं, आपल्यापासून लांब चालली आहेत, त्यामुळे त्यांचा प्रकाश तांबड्या बाजूला सरकतो. जवळ येणाऱ्याचा निळ्या बाजूला. हे त्यांना इतकं पटलेलं होतं की माणसांनाही ते तसंच लावत. आमच्या एका सहकाऱ्याची बदली नरडाण्याला झाली, तर निरोप समारंभात सर उठून म्हणाले, "आपले मित्र आजपासून तांबडे होत आहेत." मित्राची बायको घाबरली. तिला वाटलं रोग आहे. शिपाई चहा घेऊन व्हरांड्यातून येताना दिसला की म्हणत, "निळा झाला, निळा झाला, कप मांडा." मुलं त्यांना पाठीमागे लालसर म्हणत. सरांना ते कळलं तेव्हा त्यांनी मुलांना बोलावून सांगितलं, "नुसतं लालसर म्हणू नका. किती लालसर, ते आकड्यात सांगा."

स्टाफच्या फोटोच्या वेळची गोष्ट. सर सगळ्यांत जुने, म्हणून फोटोग्राफरने मधली खुर्ची त्यांना दिली. सर बसेनात. "मध्य कुठे आहे?" त्यांनी विचारलं. फोटोग्राफर म्हणाला, "हा काय सर, इथं." "तुमच्या कॅमेऱ्याला तसं वाटतं. त्या टोकाच्या बाईंना विचारा. त्यांना त्या मध्यात आहेत असं वाटतं." टोकाच्या बाई मी होते. मला तसं काही वाटत नव्हतं, मला ऊन लागत होतं. शेवटी मधली खुर्ची रिकामी ठेवून फोटो काढला. त्या वर्षी कोण वारलं, असं लोक बरीच वर्षं विचारत.

आता कपड्यांच्या तारेची गोष्ट. ती समजली की तुमचा निम्मा धडा झाला, म्हणून लक्ष द्या.

गच्चीवर एक लांब तार होती, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या तांबड्या दारापर्यंत. मी कपडे वाळत घालते ते ठरलेल्या क्रमाने. दोन टॉवेल, हातभर जागा, तुमच्या आजोबांचा पायजमा, लगेच उशीचा अभ्रा, मग पुन्हा जागा, मग परकर. टाकीच्या बाजूने सुरुवात. एके दिवशी दुपारी वर गेले तर माझे सगळे कपडे चार हात सरकून तांबड्या दाराकडे गेलेले. क्रम तोच, अंतरं तीच.

"माझे कपडे कोणी हलवले?" मी ओरडले.

टाकीमागून सर बाहेर आले. "बाई, तुमचेच कशावरून?"

"अहो, दिसतंय ना! दोन टॉवेल, पायजमा, अभ्रा!"

"टॉवेल आमचेही पांढरेच आहेत."

"रंगाचं काय घेऊन बसलात? क्रम बघा ना! असा क्रम दुसऱ्या कोणाचा असतो?"

"वा!" सरांनी टाळीच वाजवली. "आणि हलले आहेत हे कशावरून?"

"टाकीपासून सुरू व्हायचे, ते इथून सुरू होतात म्हणून!"

"बाई, तुम्ही आत्ता पंधरा ओळींचा पाठ एका वाक्यात सांगितलात. तुम्ही कॅल्शियम आहात!"

मग ओल्या पायजम्याखाली उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. प्रकाश लोलकातून पाठवला की त्याचा जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत पट्टा होतो. त्या पट्ट्यात काळ्या बारीक रेघा असतात. ताऱ्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या जागचा प्रकाश गिळून टाकतं, त्याच्या त्या रेघा. कॅल्शियमच्या दोन अगदी शेजारीशेजारी, हायड्रोजनच्या वेगळ्या अंतरांवर. जशी माझी तार, तशी प्रत्येकाची ओळख. लांबच्या दीर्घिकेच्या प्रकाशात बघावं तर तीच ओळखीची रांग दिसते, पण सगळीच्या सगळी तांबड्या टोकाकडे सरकलेली. आणि दीर्घिका जितकी लांब, तितकं सरकणं जास्त. "म्हणून तांबडं दिसतं यावर जाऊ नका, बाई. टमाटाही तांबडा दिसतो. रेघा बघा." मला पटलं नसेल असं वाटून दुसऱ्या दिवशी बुटाच्या खोक्यात दोन दाढीची पाती आणि एक लोलक बसवून त्यांनी मला सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेघा दाखवल्या. खरंच दिसल्या. मी त्या दिवशी दोन तासिका बुडवल्या. नोकरीत पहिल्यांदाच.

असं सगळं चाललं असताना संस्थेच्या बैठकीत पदार्थविज्ञानाचा शेवटच्या वर्षाचा वर्ग बंद करायचं निघालं. वर्गात मुलं सात. त्यातल्या दोन मुली, ज्यांना घरचे जळगावला पाठवणार नव्हते. वर्ग बंद म्हणजे त्यांचं शिक्षण तिथेच संपणार, आणि सरांची रवानगी शाळेकडे होणार. उपाध्यक्षांना, म्हणजे नानांना, त्या खोलीत टायपिंगचा वर्ग काढायचा होता. बैठकांचं इतिवृत्त माझ्याकडे असे, म्हणून मी तिथे होते.

अध्यक्ष होते आबा. यावलकडचे मोठे केळीवाले. पांढरं धोतर, मोठा आवाज, आणि कोणत्याही गोष्टीचा निकाल देण्याआधी ती समोर मांडून बघण्याची सवय. ते म्हणाले, "सात पोरांसाठी पंखा फिरवून राहिले तुम्ही. बरं. सर, तुम्ही त्यांना काय शिकवता, ते मला एकदा समजावून द्या. मला समजलं तर वर्ग राहील. नाही समजलं तर नाना टायपिंग चालू करतील. येत्या शनिवारी."

संध्याकाळी मी सरांना म्हटलं, "पंपाची मोटार शिकवा. आबांच्या शेतात सहा आहेत."

"मोटार त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मग मी कशाला हवा?" सर म्हणाले. "मी त्यांना विश्व फुगतंय हे शिकवणार."

तुमचे आजोबा आतून म्हणाले, "झालं. टायपिंगचं शिकून घ्या सर, कामाला येईल."

फुगा वापरतात म्हणे तुमच्या पुस्तकात. सरांना फुगा नको होता. "फुगा दाखवला की सगळे विचारतात, फुटेल कधी. बाई, फुगत असताना माणसाला खावंसं वाटेल असं काहीतरी पाहिजे." आणि मग त्यांना मांडा सुचला.

तुम्ही मांडा पाहिला नाही. आपल्या खानदेशात लग्नाला पुरणाचे मांडे करतात. पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायचा, पार कोपरापर्यंत, रुमालाएवढा, मग पंचाएवढा, आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. हे घरोघरी जमत नाही. नरडाण्याकडच्या एक अक्का होत्या, त्यांना लांबलांबच्या लग्नांतून बोलावणं असे. सर बसने जाऊन त्यांना घेऊन आले.

आमच्या स्वयंपाकघरात तालीम झाली. सरांचा बेत असा: कणकेवर काळे तीळ दाबायचे, त्या दीर्घिका. एका तिळापासून दुसऱ्यापर्यंत केशराच्या पाण्याने नागमोडी रेघ काढायची, ती प्रकाशाची लाट. मांडा वाढला की तीळ लांब जातील, पण तीळ स्वतः मोठे होणार नाहीत, फक्त मधली कणीक वाढेल. आणि लाटही ताणली जाईल. ताणलेली लाट म्हणजेच तांबडा प्रकाश, आखूड लाट म्हणजे निळा. "दीर्घिका पळत नाहीत बाई, मधली जागाच वाढते, आणि वाटेतला प्रकाश तिच्याबरोबर ताणला जातो!" ते इतक्या आनंदाने बोलले की मलाही क्षणभर वाटलं, हे त्यांनीच शोधलं.

"पण रेघ आधी निळी पाहिजे," सर म्हणाले. "अक्का, निळा रंग चालेल का?"

अक्कांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "निळा मांडा कोन खाई, भाऊ? मरी जाई ना कोनी!"

निळा रंग बारगळला. मग सर म्हणाले, "बरं, जरा हळू वाढवा. लोकांना दिसलं पाहिजे."

"हळू व्हत नई. हळू करा ते फाटी जाई."

"अक्का, प्रत्यक्ष विश्वसुद्धा हळूच..."

"मंग त्यालेच बलाई ल्या," म्हणजे त्यालाच बोलावून घ्या, असं म्हणून अक्का पुरण वाटायला बसल्या.

शनिवारी दुपारी कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात चूल मांडली. पुढे आबा, शेजारी बाकीचे संचालक, टोकाला नाना, सातही विद्यार्थी, आणि वास आल्यामुळे वाणिज्य शाखा. सरांनी पाच मिनिटं प्रस्तावना केली. मग अक्कांनी गोळा घेतला, सरांनी तीळ लावले, रेघ ओढली, आणि अक्कांनी हात फिरवले. एक, दोन, तीन, मांडा खापरावर. एवढ्या वेळात कोणाला काहीही दिसलं नाही. मांडा भाजला, घडी झाली, तूप पडलं. सर म्हणाले, "आता तीळ बघा किती लांब..." तोवर आबांनी तुकडा तोंडात टाकला होता.

"हं," आबा म्हणाले. "नीट नाही समजलं. परत दाखवा."

दुसरा मांडा झाला. तोही गेला. आबांनी मान हलवली. "अजून एकदा." सरांच्या कपाळावर घाम. त्यांना वाटलं, आबा शंका काढताहेत. तिसऱ्या वेळी त्यांनी पाठ बदलून सांगितला. चौथ्या वेळी आकृती काढली. नाना म्हणाले, "मलाही जरा शंका आहे," आणि ताटली पुढे केली. वाणिज्य शाखेलाही शंका यायला लागल्या. सर माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "बाई, पुरावा टिकत नाही हो."

सहाव्या गोळ्याला अक्का थांबल्या. गोळा हातात, नजर थेट आबांवर. "आबा, तुम्ही दखी राहिनात का खाई राहिनात? यास्नी बठ्ठं इज्ञान खाई टाकं!" म्हणजे बघताय की खाताय, सगळं विज्ञान खाऊन टाकलंत.

आबांना कोणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आबांनी मिशी पुसली. ताटली खाली ठेवली. उठून अक्कांच्या जवळ आले आणि खाली वाकून पहिल्यांदाच त्या कणकेकडे नीट बघितलं.

"यातला मधला तीळ कोणता, सर?"

सरांचा चेहरा उजळला. "तुम्ही सांगाल तो, आबा!"

"माझी गंमत करून राहिले का?"

"नाही. कोणताही एक धरा."

आबांनी एका तिळावर बोट ठेवलं. "हा मी." अक्कांनी मांडा अर्धा वाढवला आणि हातावर तोलून धरला. भोवतीचे सगळे तीळ त्या तिळापासून लांब गेले होते. जवळचे थोडे, लांबचे जास्त. आबांनी डोळे बारीक केले. मग दुसऱ्या, अगदी कडेच्या तिळावर बोट ठेवलं. "आता हा मी. वाढवा." पुन्हा तेच.

"म्हणजे," आबा सावकाश म्हणाले, "मी कुठंही जाऊन बसलो तरी सगळे माझ्यापासूनच लांब पळणार?"

"हो आबा. आणि जो जितका लांब, तो तितक्या जोरात."

आबांनी वळून संचालकांच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्यात टोकाला बसलेल्या नानांना खोकला आला.

"पण सर, ते वर आहे. तिथं तीळ लांब गेला हे कळलं कसं? तांबडं दिसतं म्हणता. मुळातच तांबडं असेल! माझ्याकडं लाल केळीचीही झाडं आहेत, ती कुठं पळून राहिली?"

ही शंका खरी होती, आणि सरांना रडू यायचंच राहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले. "कॅल्शियम, जरा उभ्या राहता का?" मग भर व्हरांड्यात, संचालक मंडळासमोर, मला माझ्या घरातले कपडे कोणत्या क्रमाने वाळत घालते ते सांगावं लागलं. दोन टॉवेल, जागा, पायजमा, अभ्रा, जागा. परकर मी इंग्रजीत सांगितला. पण आबा चटकन समजले. "म्हणजे रंग नाही बघायचा, रांग बघायची. ओळखीची रांग सरकलेली दिसली की समजायचं, वाटेत ताणली गेली." आणि केशराची लाट किती ताणली ते दाखवायला त्यांनी बोट टेकवलं. बोट आरपार गेलं.

"आबानी दुन्याले भोक पाडं!" अक्का ओरडल्या.

हसणं थांबायला वेळ लागला. ते थांबल्यावर आबांनी बोटावरचं पुरण चाटत शेवटचा प्रश्न विचारला. "सर, अक्कांचा मांडा खापरावर पडला की वाढायचा थांबतो. हे वरचं कधी थांबणार?"

मला उत्तर माहीत नव्हतं, पण सरांकडे बघून कळलं की त्यांनाही माहीत नाही. मी डोळ्यांनी खुणावत होते, काहीतरी सांगा, लाख वर्षं सांगा, कोण मोजायला जाणार आहे! दोघी मुली ओढणीचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. नाना पुढे सरसावले होते.

सर स्पष्ट आवाजात म्हणाले, "माहीत नाही, आबा. थांबेल की नाही, हे जगात अजून कोणालाच माहीत नाही."

"ऐकलं?" नाना उठले. "सरांनाच माहीत नाही! जे यांनाच येत नाही ते शिकवायला खोली कशाला अडवायची? टायपिंगमध्ये असं काही नसतं. सगळी अक्षरं जागच्या जागी असतात."

आबांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "नाना, विहीर खणताना पाणी लागलं नाही म्हणून कोणी अर्ध्यात माती लोटतं का? काम अर्धं राहिलंय, सर स्वतः सांगून राहिले. अर्ध्या कामातून माणूस काढायचा नसतो." आणि माझ्याकडे वळून, "बाई, लिहा."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच, फक्त भाषा कार्यालयीन केली: "विश्वाचे प्रसरण थांबणार किंवा कसे, हे निश्चित होईपर्यंत पदार्थविज्ञानाचा अंतिम वर्षाचा वर्ग चालू ठेवण्यात यावा." सूचक आबा. अनुमोदन नानांनी दिलं, कारण सातवा मांडा खापरावर होता आणि आबांनी सांगितलं होतं की अनुमोदनाशिवाय तूप नाही. दोघी मुली पास झाल्या. एक पुढे त्याच कॉलेजात शिकवायला आली.

पुढे या ठरावावर एक भीतीचा प्रसंग आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला पेपरात छापून आलं की शास्त्रज्ञांना दिसलंय, विश्वाचं फुगणं मंदावत नाही, उलट वेग वाढतोय. सर तोवर निवृत्त झाले होते. ते पेपर घेऊन अनवाणी माझ्या दारात. आयुष्यभर ज्या विषयावर प्रेम केलं त्यातली सगळ्यात मोठी बातमी, आणि माणूस घाबरलेला. "बाई, ठराव गेला! आता निश्चित झालं म्हणतील!"

आम्ही दोघं बसने यावलला गेलो. आबा थकले होते, खाटेवर बसून होते. सरांनी बातमी वाचून दाखवली. आबांनी विचारलं, "वेग वाढून राहिला, ते समजलं. पण तो का वाढून राहिला, हे कोणी सांगितलं का?"

"नाही, आबा."

"पुढं कधी थांबणारच नाही, असं कोणी लिहून दिलंय?"

"तसंही नाही."

"मग काम वाढलं, सर," आबा म्हणाले. "कमी नाही झालं. जा घरी. बाईंना चहा पाजा आधी."

सर परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि मागे जाणाऱ्या केळीच्या बागांना एकेक करून तांबडं म्हणत होते. कंडक्टरने माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी म्हटलं, दोन देवपूर द्या.

सर गेले, आबा गेले, अक्काही गेल्या. मागच्या महिन्यात मी कॉलेजात फोन करून विचारलं. तो ठराव अजून रद्द झालेला नाही, आणि वर्ग भरतो.

तुमची,
आजी